मदत हवी आहे: गार इंजिनाची टिकटिक आणि घाटात खडखड, इंजिन खोलायचं का?

नमस्कार. गाडीतलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया वेळ काढून वाचावं. चुकीचा निर्णय परवडणारा नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, चार सिलिंडर, ९४ हजार किलोमीटर झालेली. आमचं घर यवतेश्वर घाटाच्या वर. बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला खाली साताऱ्यात न्यावं लागतं, सकाळी सहाला निघतो. त्या वेळी गाडी बंद पडली तर दुसरी सोय नाही.

थंडी पडायला लागली तेव्हापासून सकाळी सेल्फ मारला की बॉनेटखालून टिकटिक येते. टाइपरायटरचं एकच बटण कुणी भराभर दाबत राहावं तशी. रेस दिली की तिचाही वेग वाढतो. घाट उतरून पोवई नाक्यावर पोचेपर्यंत आवाज जवळजवळ गेलेला असतो. दुसरा आवाज परतीच्या वाटेवर. घाट चढताना तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड होते. पाय उचलला की लगेच थांबते.

एका गॅरेजमध्ये दोन मिनिटं ऐकून सांगितलं, "बेअरिंग वाजतंय, इंजिन उतरवावं लागेल." (बेअरिंग म्हणजे इंजिनाच्या तळाशी फिरणाऱ्या दांड्याचे आधार.) ४५ हजारांचा अंदाज आणि दहा दिवस गाडी त्यांच्याकडे. दुसऱ्या मिस्त्रींचं म्हणणं, टॅपेट (इंजिनाच्या वरच्या भागातले व्हॉल्व दाबणारे भाग) वाजताहेत, २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाका, आवाज दबेल. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय.

मी पाहिलं ते असं: डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे, ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत कधी लागला नाही, चेक इंजिनचा दिवाही नाही. ऑइल चार महिन्यांपूर्वी बदललंय. दोन्ही आवाज एकाच दुखण्याचे आहेत का? आणि इंजिन न खोलता खात्री कशी करायची?

प्रतिसाद १

ताई, इंजिन उतरवायला सध्या तरी हो म्हणू नका. मी बावीस वर्षं इंजिनकामच केलंय. तुम्ही लिहिलेल्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे गाडी तापली की टिकटिक जाते. बेअरिंग गेलेलं असेल तर उलटं होतं. तापल्यावर ऑइल पातळ होतं, प्रेशर उतरतं आणि आवाज वाढतो. तो आवाज जाडही असतो, खालून चेंबरच्या (ऑइल साठतं त्या तळाच्या) बाजूने ठक ठक असा येतो.

गार असताना टिकटिक आणि तापल्यावर गप्प, यात माझा पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या इंजिनाला जिथे जोडतात तिथल्या पातळ थरावर. तिथून धूर फुसकतो तो कानाला हुबेहूब टॅपेटसारखा लागतो. धातू तापून फुगला की फट मिटते. बऱ्याचदा एखादा स्टड (तो जोड आवळून धरणारा बोल्ट) तुटलेला निघतो.

खात्री अशी करा. रात्रभर गार झालेल्या गाडीवर मिस्त्रींना एकेका इंजेक्टरचा (सिलिंडरला पेट्रोल देणाऱ्या भागाचा) वायरीचा कनेक्टर काढून ऐकायला सांगा. टॅपेटची टिकटिक कनेक्टर काढला तरी तशीच राहते. मॅनिफोल्डची असेल तर जिथे गळती आहे त्या सिलिंडरचा कनेक्टर काढल्यावर एकदम थांबते. बेअरिंगचा आवाजही त्याने कमी होतो, पण वरच्या कारणामुळे ते मी बाजूला ठेवतोय. प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलचा कनेक्टर मात्र काढू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. शिवाय अर्धा मीटर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला लावा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या जोडावर फिरवा. पट्टा आणि पंखा यांच्यापासून हात, ओढणी, केस लांब ठेवा.

जाड ऑइलाचा सल्ला मला अजिबात पटत नाही. थंडीत सकाळी ते वर कॅमपर्यंत (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचायलाच उशीर लागेल. टॅपेटही न मोजता आवळू देऊ नका. ढिला टॅपेट वाजतो, तो निदान कळतो. जास्त आवळला तर व्हॉल्व आपल्या जागेवर (सीटवर) पूर्ण बसत नाही आणि आवाज न करता जळतो. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून, पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे, गार इंजिनावरच सेटिंग व्हायला हवं.

घाटातली खडखड हे वेगळं प्रकरण आहे, ते नॉकिंग. इंजिन हळू फिरत असताना भार जास्त पडला की सिलिंडरमधलं उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकतं. तिथे दुसरा गियर टाकून बघा.

एक गोष्ट मात्र आजच करा. पॅकिंग फुटलं असेल तर धूर आत केबिनमध्ये येऊ शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाबा आजारी आहेत. काम होईपर्यंत काचा थोड्या उघड्या ठेवा, आणि बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, तुमचे किती आभार मानू! काल पहाटे साडेपाचला दुसऱ्या मिस्त्रींनाच घरी बोलावलं. तिसऱ्या सिलिंडरपर्यंत कनेक्टर काढला की इंजिन थरथरायचं, पण टिकटिकीत काही फरक पडला नाही. चौथ्याचा कनेक्टर काढला तेव्हाही इंजिन थरथरलं, पण टिकटिक थांबली. परत लावला, परत सुरू. मग मॅनिफोल्डवरचा पत्रा काढून टॉर्च मारला तर चौथ्या सिलिंडरच्या पॅकिंगच्या कडेला काजळीची बोटभर रेघ होती, आणि तिथला स्टड मुळाशी तुटलेला.

मिस्त्रींनी स्वतःहून कबूल केलं की त्यांचा टॅपेटचा अंदाज चुकला होता. तुटका स्टड काढण्यात दोन तास गेले, कारण तो गंजून बसला होता. नवा स्टड, नवं पॅकिंग, मजुरीसकट २,८०० रुपये. आज सकाळी सहाला गाडी सुरू केली तेव्हा बाबांनीच मागून विचारलं, "आवाज गेला का गं?" गाडीत बसल्या बसल्या मला रडू आलं. इतके दिवस त्या काचा बंद करून मी त्यांना नेत होते.

घाटातली खडखड दुसऱ्या गियरमध्ये बरीच कमी झाली, पण शेवटच्या दोन वळणांवर अजून येते. एअर फिल्टर नवा टाकलाय. प्लग काढून पाहिले, चारही पांढुरके आहेत, चौथा जरा जास्त. यावरून काही कळतं का? आणि सिलिंडरमध्ये कार्बन साठला असेल तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) न खोलता तो काढता येतो का? प्लगचे फोटो संध्याकाळी टाकते.