पी पफरच्या टाकीत मीठ घालू नका

पी पफर, म्हणजे घरच्या टाकीत पाळतात तो छोटा पफर मासा; त्याच्या टाकीत मीठ घालायला कुणीतरी सांगितलंय. अजिबात घालू नका. पफर म्हटलं की खारं पाणी हा समज इथे लागू पडत नाही. हा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा, पूर्ण गोड्या पाण्यातला मासा. होरा आणि नायर यांनी १९४१ मध्ये पंपा नदीतल्या नमुन्यांवरून त्याची नोंद केली.

फ्लेक्स (माशांचं सुकं, पापुद्र्यांसारखं खाद्य) खात नाही ही तक्रार सगळ्यांचीच. तो जिवंत, हलतं भक्ष्य शोधतो: डॅफ्निया (पाण्यातले बारीक किडे), डासांच्या अळ्या, लहान गोगलगायी. फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) चिमट्यात धरून हलवले की हळूहळू घेतो. उरलेलं अर्ध्या तासात काढून टाका, नाहीतर ते सडून पाण्यात विषारी अमोनिया वाढतो आणि तो या माशाला सोसत नाही.

खाऊनही पोट खपाटीला गेलेलं असेल तर बहुधा आतड्यात जंत. विकत मिळणारे बरेच मासे नदीतून पकडलेले असतात, म्हणून आधी वेगळ्या टाकीत ठेवून जंतांचं औषध द्या.

एकमेकांच्या शेपट्या कुरतडणं म्हणजे बहुधा नर जास्त झालेत. मोठ्या नराच्या पोटाखाली मधोमध गडद रेघ असते, डोळ्यामागे सुरकुत्या. एका नरामागे दोन-तीन माद्या, आणि झाडी इतकी दाट की एकाला दुसरा दिसू नये.