एक नळी बंद, पीसीओडी, काउंट बेताचा: आययूआय की थेट आयव्हीएफ?

शेवंती:
वय ३२, मूल होण्यासाठी प्रयत्न अडीच वर्षं. पीसीओडी (बीज वेळेवर फुटत नाही), पाळी ४०-५० दिवसांनी. एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) ६.८. एचएसजीत (गर्भनलिकांचा एक्स-रे) उजवी नळी मोकळी, डावी बंद. नवरा ३५, व्हॉल्यूम १.८ मिली, शुक्राणूंचा काउंट मिलीला १४ मिलियन, पुढे सरकणारे २८ टक्के. लेट्रोझोल (बीज वाढवायची गोळी) २.५ मिग्रॅ तीन महिने झालं, सोनोग्राफी न करता. एक डॉक्टर म्हणतात थेट आयव्हीएफ (लॅबमध्ये गर्भ तयार करून गर्भाशयात सोडणं), दुसरे म्हणतात सहा आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) करू. कशावरून ठरवायचं?

चकोर_७:
आधी वीर्याचा हिशेब. १.८ गुणिले १४ म्हणजे २५ मिलियन, त्याचे २८ टक्के म्हणजे कामाचे साधारण ७ मिलियन. आययूआयला वीर्य धुऊन घेतात, त्यात आणखी गळती होते. धुतल्यावर ५ मिलियनच्या वर उरले तर आययूआय करण्यात अर्थ आहे. १ मिलियनच्या खाली गेले तर पैसे वाया. तुमचा आकडा मधला, म्हणून एका रिपोर्टवर काही ठरवू नका. आधी २ ते ७ दिवस संबंध न ठेवता पुन्हा तपासा. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून नेलात तर तासाभरात पोचायला हवा, आणि बर्फात ठेवायचा नाही. पहिला थेंब सांडला तर तसं सांगा, कारण सर्वांत जास्त शुक्राणू त्यातच असतात. गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर काउंट पडलेला दिसतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू असतील तर ती आधी बंद. काउंट वाढवायला म्हणून ती घेणारे लोक आहेत, आणि परिणाम नेमका उलटा होतो.

निरगुडी:
नळी 'बंद' एवढंच वाचून घाबरू नका, कुठे बंद ते बघा. गर्भाशयाजवळच्या टोकाला अडलेली असेल तर तपासणीच्या वेळी स्नायू आवळल्यामुळेही तसं दिसतं, आणि पुन्हा पाहिल्यावर ती मोकळी सापडू शकते. बीजांडकोशाकडच्या टोकाला बंद होऊन पाण्याने फुगली असेल, म्हणजे हायड्रोसाल्पिंक्स, तर गोष्ट वेगळी. ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि गर्भ रुजू देत नाही. अशी नळी दुर्बिणीने काढून किंवा क्लिप लावूनच आयव्हीएफकडे जायचं. हे न करता दोन-तीन ट्रान्सफर (तयार गर्भ गर्भाशयात सोडणं) फुकट घालवणं हा सर्वांत महागडा घोळ. आपल्याकडे नळ्या खराब होण्यामागे गर्भाशयाचा टीबी हेही नेहमीचं कारण, तेव्हा डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

माळावरचा:
सोनोग्राफीशिवाय तीन महिने लेट्रोझोल म्हणजे अंधारात दगड. ते 'फेल' धरू नका, बीज फुटलं की नाही हेच माहीत नाही. नीट क्रम असा: पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून ५ दिवस गोळी. दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसाआड फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे फॉलिकलची (बीजाच्या पिशवीची) वाढ पाहणारी सोनोग्राफी. फॉलिकल १८-२० मिमी आणि गर्भाशयाचं अस्तर ७ मिमीच्या वर झालं की बीज फोडायला एचसीजीचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३६ तासांनी आययूआय. २.५ ला फॉलिकल वाढलंच नाही तर पुढच्या वेळी ५, मग ७.५. तीन-चार फॉलिकल एकदम मोठी झाली तर तो महिना सोडून द्यायचा, तिळ्यांची जोखीम नको. लघवीच्या ओव्ह्युलेशन किटवर पीसीओडीत विसंबू नका. किट जे हार्मोन मोजतं ते एलएच मुळातच चढं असतं, रेघ खोटी उमटते.

सहा आययूआय मात्र जास्त होतात. यश यायचं असेल तर बहुतेकदा पहिल्या तीन-चारांत येतं.

निरगुडी:
सहमत, पण थेट आयव्हीएफ सांगणारे डॉक्टर पैशासाठीच सांगतात असं समजू नका. दुसऱ्या रिपोर्टमध्येही काउंट घसरलेला निघाला किंवा उजव्या नळीबद्दल शंका असली तर त्यांचंच बरोबर. वय ३८ असतं तर मीही आययूआयमध्ये वेळ घालवू नका म्हटलं असतं.

आयव्हीएफकडे गेलातच तर एएमएच ६.८ लक्षात ठेवा. इंजेक्शनांना बीजांडकोश जोरात प्रतिसाद देतात, पोटात पाणी होणं, धाप लागणं, म्हणजे ओएचएसएस, याचा धोका असतो. विचारायचे प्रश्न: अँटॅगोनिस्ट प्रोटोकॉल (बीज वेळेआधी फुटू न देणारी इंजेक्शनं) वापरणार का? जास्त फॉलिकल आली तर एचसीजीऐवजी अ‍ॅगोनिस्टचा ट्रिगर (बीज पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) देऊन सगळे भ्रूण गोठवणार का? ट्रान्सफर पुढच्या पाळीत केला तर बिघडत नाही. पॅकेजमध्ये इंजेक्शनं, इक्सी (एकेक शुक्राणू थेट बीजात टोचणं), गोठवणं आणि नंतरचा ट्रान्सफर धरलाय का ते लेखी घ्या. 'आयव्हीएफ इतक्यात' या जाहिरातीत हे बहुधा नसतंच. २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणा) कायद्याखाली क्लिनिकची नोंदणी लागते, प्रमाणपत्र दाखवा म्हणायला संकोच नको.

शेवंती:
रिपोर्टमध्ये 'कॉर्न्युअल' लिहिलंय.

निरगुडी:
म्हणजे गर्भाशयाकडचं टोक. पाणी भरल्याचा उल्लेख नसेल तर नळी काढायचा विषय सध्या नाही.

चकोर_७:
मग आधी दुसरी वीर्य तपासणी, 'धुतल्यानंतरचा काउंट' मागून घ्या. तो बरा असेल तर सोनोग्राफीने फॉलिकल मोजत तीन आययूआय, नसेल तर इक्सी. आणि एचसीजीचं इंजेक्शन घेतल्यावर घरी किटने लगेच तपासू नका. ते औषधच दहा-बारा दिवस दोन रेघा दाखवू शकतं. आययूआयनंतर १५-१६ दिवसांनी रक्तातलं बीटा एचसीजी (गर्भ राहिला का याची तपासणी) करा.