आजोबा युद्धकैदी होते की आझाद हिंद फौजेत? गावच्या फलकावर काय लिहावं?

बाळीवेसकर

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण इथे लष्करी इतिहासाची जाण असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय.

मी सोलापुरात राहतो, मूळ गाव मंगळवेढा तालुक्यात. गावात यंदा सैनिकांच्या नावांचा फलक लागणार आहे. त्यात माझ्या आजोबांचं, तात्यांचं, नाव आहे. चुलतभावाचं म्हणणं, नावापुढे ‘आझाद हिंद सेना’ लिहायचं. माझं मन तयार होत नाही. तात्या मी सातवीत असताना गेले, त्यामुळे थेट विचारायचं राहून गेलं. आता त्या काळाचं सांगणारी एकटी आत्या उरलीय. ऐंशीच्या पुढची आहे. तात्या बोटीवर चढले तेव्हा ती रांगत होती.

तात्या ‘काली पांचवी’ पलटण म्हणायचे. उत्तर आफ्रिकेत तोब्रुकला जर्मनानं धरलं, तिथून इटलीत ठेवलं, पुढे फ्रान्सात नेलं. एक दिवस विमानांनी छावणीच फोडली आणि ते डोंगराडोंगरांनी चालत ‘स्वीस मुलखात’ गेले, असं सांगायचे. पारावर लोक म्हणायचे, तात्या रचून सांगतोय. मग त्यांनी सांगणंच बंद केलं. आत्या हे सांगताना अजून चिडते.

ट्रंकेत तीन वस्तू आहेत. दोन बिल्ले, सहा टोकांचे. एकाची फीत वाळूच्या रंगाची, मधे रुंद तांबडा पट्टा. दुसरं, इटलीहून आलेलं कैद्याचं कार्ड. तात्यांना लिहिता येत नव्हतं, कुणाकडून तरी लिहून घेतलंय. मजकूर असा: “मी खुशाल आहे. पीठ, डाळ, तूप मिळते. पोरगी बोलाया लागली का ते कळवावे. पांढरा बैल विकू नये.” बैल कधीच विकला गेला होता, असं आत्या सांगते. तिसरा एक फोटो. लाकडी घर, पुढे गवत, मागे डोंगर, आणि जाड कोटातले चार हिंदी जवान. तात्या डावीकडून दुसरे. मागे फोटोवाल्याचा शिक्का आहे, पण अर्धा उडालाय.

यावरून काही ठरवता येईल का?

करमाळकर

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव टाकून बघा. वडलांचं नाव, गाव, जिल्हा सगळं मिळतं. जिल्ह्याचं जुनं नाव शोलापूर असंही शोधा.

बाळीवेसकर

धन्यवाद, पण तिथे युद्धात गेलेल्यांचीच नोंद असते ना? तात्या परत आले. नंतर गिरणीत रखवालदार होते.

निवृत्त_हवालदार_बार्शी

दादा, मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली, म्हणून जरा लांब लिहितो.

काली पांचवी म्हणजे आमची दुसरी बटालियन. १९४२ मध्ये ती तोब्रुकमध्ये ११ व्या हिंदी ब्रिगेडमध्ये होती. २० जूनच्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलनं आग्नेयेकडून हल्ला चढवला तो नेमका मराठ्यांच्या मोर्च्यावर. आधी विमानांनी भाजून काढलं, मग रणगाडे आत घुसले. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं आणि तीसेक हजार माणसं कैद झाली. वाळूच्या रंगाची, तांबड्या पट्ट्याची फीत म्हणजे आफ्रिका स्टार. इथपर्यंत सगळं जुळतंय.

कार्डातली पीठ-डाळही खरी. हिंदी कैद्यांसाठी लंडनच्या इंडियन कम्फर्ट्स फंडातून वेगळी पार्सलं निघायची, त्यात आटा, डाळ, तूप असायचं. इटलीत हिंदी जवानांची मोठी छावणी आवेत्सानोला होती, कार्डावर तिचा क्रमांक ‘पी. जी. ९१’ दिसतोय का बघा. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करली. बरेच जण डोंगरात पळाले, उरलेल्यांना जर्मनांनी हलवलं.

आता छावणी फोडल्याची गोष्ट. पूर्व फ्रान्समध्ये एपिनाल गावी हिंदी कैद्यांची छावणी होती. ११ मे १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी तिथल्या रेल्वेवर बॉम्ब टाकले, ते छावणीवरही पडले. कितीतरी कैदी मेले, भिंती पडल्या आणि बाकीचे बाहेर धावले. शंभरेक किलोमीटर रानावनातून, फ्रेंच शेतकऱ्यांच्या भाकरतुकड्यावर, सुमारे ५०० जवान स्वित्झर्लंडला पोचले. एतोबाँ नावाच्या खेड्यानं आपल्या जवानांना खाऊ घातलं. त्याच खेड्यातले ३९ पुरुष जर्मनांनी सप्टेंबरमध्ये गोळ्या घालून मारले, कारण ते गाव भूमिगतांना साथ देत होतं.

पारावर हसणाऱ्यांना हे कुठून ठाऊक असणार? तुमचे तात्या खोटं बोलत नव्हते असं मला वाटतं. फोटोचंही तेच. कुंपणाबाहेर उभं राहून असा फोटो कैद्याला कोण काढू देईल?

वैराग_पाटील

क्षमा करा, पण नेताजींचं नाव पुसायची एवढी घाई का? जर्मनीतल्या आझाद हिंद लीजनमध्ये हे कैदीच तर होते. तीही फौज फ्रान्समध्ये होती.

बाळीवेसकर

पाटील, पुसायचं नाही हो. ते तसे असते तर मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं असतं. पण जे त्यांनी केलं नाही ते त्यांच्या नावावर चढवलं, तर जे सोसलं ते पुन्हा झाकलं जाईल. एकदा पारावर झाकून झालंच आहे.

निवृत्त_हवालदार_बार्शी

पाटलांचा मुद्दा बरोबर आहे, तो तपासायलाच हवा. लीजनमध्ये तीनेक हजार माणसं होती, बहुतेक उत्तर आफ्रिकेत धरलेली. १९४३ मध्ये त्यांना हॉलंडला आणि तिथून फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, बोर्दोजवळ लाकानोला नेलं. एपिनाल दुसऱ्या टोकाला. शेवटी लीजनवालेही स्वित्झर्लंडच्या दिशेनं निघाले होते, म्हणून घरोघरी घोळ होतो. पण ती १९४५ च्या वसंतातली गोष्ट, आणि सीमा गाठायच्या आत ते पकडले गेले. एपिनालवाले मात्र १९४४ मध्येच आत पोचले होते, आणि त्याच शरदात दोस्त राष्ट्रांची फौज सीमेला भिडल्यावर बाहेर निघाले.

म्हणजे तारखेवर सगळं आहे. तात्या घरी कधी आले? युरोपातली लढाई मे १९४५ ला थांबली. त्याच्या आधी ते गावात असतील तर लीजनचा प्रश्नच मिटला. आत्यांना साल आठवणार नाही, पण त्यांच्या पाठचं भावंड कधी जन्मलं ते विचारा.

संत_दामाजींच्या_गावचा

एक महत्त्वाचं. मंगळवेढा तेव्हा सोलापूर जिल्ह्यात नव्हतं, सांगली संस्थानात होतं. १९४८ च्या विलिनीकरणानंतर आलं. बेळगावला मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करताना पत्ता ‘मंगळवेढा, सांगली संस्थान’ असाही लिहा. नुसतं सोलापूर लिहिलंत तर नाव सापडायचं नाही.

बाळीवेसकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आत्याकडे जाऊन आलो.

तिला तो दिवस लख्ख आठवतोय. ज्वारीचं खळं चालू होतं. खळ्याच्या कडेला बूट घातलेला एक माणूस येऊन उभा राहिला आणि त्यानं हिला उचलायला हात पुढे केले. ही घाबरून आजीच्या लुगड्यात शिरली. आजी मात्र जागची हलली नाही, हातातलं सूप तसंच धरून उभी. नंतर तात्यांनी बूट काढून खळ्याबाहेर ठेवले आणि कुणाशी न बोलता बैल हाकायला लागले.

पाठचे आमचे मोठे काका. शाळेच्या दाखल्यावर त्यांची तारीख १ जून आहे. तेव्हा निम्म्या गावाची तीच असायची, त्यामुळे तिचा उपयोग नाही. पण आत्यानं देव्हाऱ्याखालून त्यांची पत्रिका काढली: शके १८६७, मार्गशीर्ष. म्हणजे डिसेंबर १९४५. मागे नऊ महिने मोजले की मार्च येतो, आणि आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीची खळी फेब्रुवारी-मार्चलाच पडतात. तात्या तेव्हा गावात होते. लीजन तेव्हा जर्मनीत होती.

कार्डावर ९१ आकडा आहे. भिंगातून दिसला.

आत्याला एपिनालचं सगळं वाचून दाखवलं. तिनं विमानांचा भाग परत वाचायला लावला. मग म्हणाली, “हेच सांगत हुते की रं.”

फलकाचा मजकूर चुलतभावाला पाठवलाय: ‘मराठा पलटण, दुसरी बटालियन. तोब्रुक १९४२. युद्धकैदी, इटली व फ्रान्स.’ एपिनाल आणि स्वित्झर्लंड कागद मिळाल्यावरच लिहीन, तेवढी जागा सोडायला सांगितलीय. तो अजून नाराज आहे, पण आत्याशी बोलायला येतोय.

बेळगावचा अर्ज दोन्ही पत्त्यांनी टाकतोय. जिनिव्हाच्या रेड क्रॉसकडे युद्धकैद्यांच्या नोंदी असतात आणि ते वर्षातून ठरावीक वेळीच अर्ज घेतात असं कळलं, कुणी तो भरला असेल तर सांगा. आणि फोटोमागच्या शिक्क्याचं स्कॅन खाली जोडतोय. जर्मन किंवा फ्रेंच वाचता येणाऱ्यांनी कृपया बघा, खालच्या ओळीतली शेवटची चार अक्षरं बरी उठलीत.