दिग्दर्शिका आणि अभिनेत्री विजयाबाई मेहता व्यावसायिक नाटकाकडे वळल्या, त्यात आपला तोटाच झाला का?

तिसरी_घंटा: १९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांनी 'रंगायन' ही प्रायोगिक नाट्यसंस्था उभी केली. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था, गल्ल्याची चिंता नाही. म्हणून तर चि. त्र्यं. खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव'सारखं प्रायोगिक नाटक रंगमंचावर आलं. तेव्हा कुठला निर्माता त्याला हात लावायला धजला असता? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रंगायन मिटली आणि बाई 'संध्याछाया', 'बॅरिस्टर' करू लागल्या. उत्तम नाटकं, वाद नाही. पण मराठी नाटकाची प्रयोगशाळा बंद पडली, याची हळहळ मला आजही वाटते.

विंगेतून: अजिबात पटलं नाही. प्रयोगशाळा बंद पडली नाही, तिचं दार उघडलं. 'बॅरिस्टर' मी आजीबरोबर पाहिलं. बाईंनी केलेली ती केशवपन झालेली मावशी पाहून आजी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिच्या आत्याच्या वाट्याला तेच आलं होतं. माझी आजी रंगायनची सभासद कधीच झाली नसती हो! तिकीट काढून नाटकाला जाणारी बाई ती. तिच्यापर्यंत हे कोण पोचवणार होतं?

शिवाय 'हमीदाबाईची कोठी' आठवा. काळ बदलला तरी गाणं सवंग करणार नाही, हा कोठीवर गाणाऱ्या हमीदाबाईचा हट्ट. ती भूमिका बाईंनी स्वतः केली आणि सोबत नीना कुळकर्णी, नाना पाटेकर उभे केले. धंदेवाईक तडजोड अशी असते?

तिसरी_घंटा: तडजोड म्हणालोच नाही. नाटकाच्या लांबी-रुंदीबद्दल बोलतोय. 'वाडा चिरेबंदी' बाईंनी १९८५ मध्ये केलं, अप्रतिम केलं. पण ते ज्यातलं पहिलं नाटक, ती महेश एलकुंचवारांची तीन नाटकांची सलग नऊ तासांची त्रिनाट्यधारा चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ मध्ये केली ती 'आविष्कार'साठी, म्हणजे रंगायनमधूनच बाहेर पडलेल्या मंडळींच्या संस्थेसाठी. व्यावसायिकात ते जमलं असतं?

नेपथ्य: नसतं जमलं, हे मान्य. पण त्या नऊ तासांना बसणाऱ्या प्रेक्षकाला नाटकातल्या देशपांडे कुटुंबाचा वाडा आधी बाईंनीच दाखवला होता ना? आणि जर्मन नाटककार ब्रेख्तचं 'अजब न्याय वर्तुळाचा' त्यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झबरोबर केलं, ते रंगायन संपल्यावर. मग प्रयोग सोडले कसे म्हणायचे?

तिसरी_घंटा: बेनेविट्झचा मुद्दा बिनतोड. तेवढ्यापुरतं माझं म्हणणं मागे घेतो. रंगायनची हळहळ मात्र राहणारच.