प्रेस शॉपमध्ये पोरांची बोटं वाचवायची तर सुरुवात कुठून करू?

भोसरी_सुपरवायझर

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे. ऑपरेटर, हेल्पर, सेटर (मशीनवर साचा म्हणजे डाय बसवणारा) धरून २२ माणसं, पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या ७ पॉवर प्रेस, त्यातल्या ५ जुन्या चावी क्लचच्या पेडलवाल्या (पेडल दाबलं की चावी गुंतून स्ट्रोक सुरू होतो) आणि २ न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर क्लच चालणाऱ्या. ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर अशी गाड्यांची किरकोळ कामं चालतात.

गेल्या महिन्यात सेकंड शिफ्टला रात्री साडेदहाच्या सुमाराला आमच्या एका पोराच्या तर्जनीचं पेर गेलं. २१ वर्षांचा, परभणीकडचा, लागून चार महिने झाले होते. ५० टनाच्या प्रेसवर फॉर्मिंग (पत्र्याला आकार देणं) चालू होतं, जॉब म्हणजे पत्र्याचा तुकडा डायमध्ये तिरका बसला म्हणून सरळ करायला हात घातला आणि पाय पेडलवर पडला. मी दहा फुटांवर उभा होतो, प्रेसचा आवाज नेहमीसारखाच आला त्यामुळे मला काही कळलंच नाही, तो ओरडला पण नाही, नुसता मनगट धरून उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. तेव्हापासून रात्री धड झोप लागत नाहीये.

मालक वाईट नाही, दवाखान्याचं सगळं त्यांनी केलं. पण त्यानंतर काय केलं तर भिंतीवर सेफ्टीचे चार बोर्ड, सगळ्यांना नवे ग्लोव्हज, आणि रोज सकाळी शपथ. मी पण शिफ्टच्या आधी पाच मिनिटं बोलतो, लक्ष देऊन काम करा म्हणतो, पोरं मान हलवतात. परवा न्यूमॅटिकवर बघितलं तर दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं, विचारलं तर म्हणे टारगेट बसत नाही. लाइट कर्टनचं, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणाऱ्या प्रकाशाच्या पडद्याचं, कोटेशन मागवलं, सातही मशीनला बसवायचं म्हटल्यावर मालक गप्प झाले. मला सांगा नक्की काय केलं तर पुढचं बोट वाचेल, आणि कमी पैशात कुठून सुरू करू?

टूलरूम_सातपूर

भाऊ, ३१ वर्षं डाय बनवतोय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

पहिलं म्हणजे ते लाइट कर्टनचं कोटेशन चावी क्लचच्या पाच मशीनसाठी असेल तर परत पाठवा. बसवून उपयोगच नाही. चावी क्लच एकदा गुंतला की अख्खा स्ट्रोक पूर्ण होणार, मधे कुठे थांबत नाही, मग कर्टनने हात बघितला काय आणि नाही बघितला काय. कर्टन चालतं ते मधेच ब्रेक लागणाऱ्या मशीनवर, म्हणजे तुमच्या दोन न्यूमॅटिकवर. तिथे जरूर बसवा.

दोन हातांच्या बटणांचं पण तसंच आहे. लोकांना वाटतं पेडल काढून बटणं दिली की झालं. आता हिशोब बघा, ६० स्ट्रोकची प्रेस म्हणजे एका फेऱ्याला एक सेकंद. क्लचला गुंतायची जागा एकच असेल आणि ती नुकतीच निघून गेली असेल तर फ्लायव्हील (प्रेसचं फिरतं जड चाक) अख्खा फेरा फिरून येणार, मग चावी बसणार, मग अर्ध्या फेऱ्यात पंच (डायचा वरचा भाग) खाली. म्हणजे बटण दाबल्यापासून दीड सेकंद. हात सेकंदाला १.६ मीटर जातो असं धरून अंतर काढतात, म्हणजे बटणं डायपासून २.४ मीटर लांब पाहिजेत! तिथे उभं राहून कोण जॉब लावणार. बटणं फूटभर अंतरावर बसवली तर दाबून पुन्हा हात आत जायला भरपूर वेळ मिळतो, आणि जातोच.

त्यामुळे चावी क्लचला एकच खरा उपाय, हात आत जाऊच शकणार नाही असं करायचं. ब्लँकिंग पिअर्सिंगच्या (पत्रा कापायच्या, भोकं पाडायच्या) डायला फिक्स गार्ड लावा. पट्टी जाईल एवढी फट ठेवायची, डायच्या अगदी तोंडाशी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, बाकी तिन्ही बाजू बंद, जॉब खालून पडतोय, स्क्रॅप मागून चाललंय. पत्रा, अँगल आणि समोर पॉलीकार्बोनेटचा तुकडा, आपला सेटर आणि वेल्डर दोन दिवसांत करतील. गार्ड मशीनला नका लावू, डायलाच बोल्ट करा. म्हणजे डाय चढली की गार्ड चढला, सेटरला आठवण करायची गरज नाही. मशीनचे गार्ड डाय बदलताना काढतात आणि मग ते महिनाभर कोपऱ्यात पडून असतात, हे सगळीकडे बघितलंय.

ग्लोव्हज पत्र्याची धार लागू नये म्हणून ठीक आहेत. ५० टनाखाली ग्लोव्ह काय करणार.

वाळूजकर

दादा तुमची पोस्ट वाचून हात थरथरला. माझी उजव्या हाताची दोन बोटं २००९ ला गेली, ६३ टनाच्या प्रेसवर. मी काय हलगर्जी माणूस नव्हतो. त्या दिवशी पेडल एकदाच दाबलं होतं आणि प्रेसने दोनदा स्ट्रोक मारला. पहिला स्ट्रोक झाला, जॉब काढायला हात घातला, दुसरा आपोआप आला. आठवडाभर आधीपासून मशीन अधूनमधून डबल मारत होती, सेटरला सांगितलं होतं, तो म्हणाला रविवारी बघू. नंतर कळलं क्लचची स्प्रिंग गेली होती. आणि रिपोर्टवर लिहिलं ऑपरेटरचं लक्ष नव्हतं. बोटांपेक्षा ते वाक्य जास्त दिवस दुखलं, गावाकडे आईला पण तेच कुणीतरी सांगितलं.

म्हणून हात जोडून सांगतो, त्या परभणीच्या पोराला लक्ष नव्हतं असं कुणालाच म्हणू देऊ नका. साडेदहापर्यंत हजारो वेळा तोच हात आत बाहेर करून कुणाचं लक्ष राहील. आणि डबल स्ट्रोक मारणारी मशीन त्याच मिनिटाला बंद करायची मुभा ऑपरेटरला द्या, मालकासमोर द्या, सगळ्यांसमक्ष.

अजून एक. देव न करो पण पुन्हा झालं तर बोटाचं काय करायचं हे प्रत्येकाला माहीत पाहिजे. माझं बोट एका भल्या माणसाने डायरेक्ट बर्फात टाकून आणलं, डॉक्टर म्हणाले गारठून खराब झालं. तुकडा स्वच्छ सलाईनच्या पाण्याने हलकेच धुवायचा, ओल्या गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड पक्कं बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट बर्फाला लागता कामा नये. जखमेवर स्वच्छ कपडा दाबून धरायचा, हात वर. आणि कुठल्या हॉस्पिटलला हाताचे सर्जन आहेत, रात्री असतात का, हे आजच फोन करून विचारून ठेवा, नंबर प्रेसजवळ लावा. आमच्यात दोन हॉस्पिटलं फिरण्यातच तीन तास गेले.

इएसआयचं (कामगारांच्या सरकारी विम्याचं) बघितलं का त्या पोराचं? पगार २१ हजारांपर्यंत असेल तर तो इएसआयमध्ये असलाच पाहिजे, आणि कामावरच्या अपघाताला इतके दिवस भरलेले पाहिजेत अशी अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क आहे. बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात, पुढे मेडिकल बोर्ड कायमचं नुकसान किती टक्के ते ठरवतं आणि त्यावर जन्मभर पेन्शन. एका हाताची दोन बोटं गेली की २० टक्के, अंगठा गेला तर ३०. पोरांना हे कुणी सांगत नाही. मालकाकडून ॲक्सिडेंट रिपोर्ट भरून घ्या, त्यात घटना खरी लिहा.

शिरोली_उद्योजिका

नमस्कार भाऊ, कोल्हापूरजवळ शिरोलीत माझं स्वतःचं छोटं युनिट आहे, तेव्हा मालकाच्या बाजूचं थोडं सांगते. तुमचे मालक गप्प बसले म्हणजे त्यांना काळजी नाही असं नसतं ओ, पार्टी (माल घेणारी कंपनी) पीसमागे पैशांवर घासाघीस करते आणि त्यातून कर्टन कुठून आणायचं हे डोक्यात असतं. पण मी एक शिकले, हात आत घालायला लागणं हीच महागडी गोष्ट आहे. आमच्याकडे एका फॉर्मिंगच्या डायला सरकती प्लेट केली, ड्रॉवरसारखी. प्लेट बाहेर ओढायची, जॉब बाहेरच ठेवायचा, आत ढकलायची, प्लेट पूर्ण आत गेल्यावरच लिमिट स्विच (प्लेट टोकाला पोचली की दबणारं बटण) पेडल चालू देतो. सुरुवातीला पोरं म्हणाली मॅडम वेळ जातो. दोन आठवड्यांनी बघितलं तर पीस कमी झाले नव्हते, उलट जॉब तिरका बसणं थांबलं म्हणून रिजेक्शन कमी झालं, कारण आता माणूस न घाबरता काम करतोय.

मालकांना कोटेशन नका दाखवू, एक डाय करून दाखवा. जिथे अपघात झाला तीच घ्या.

आणि चिकटपट्टीबद्दल पोरांवर चिडू नका. टारगेट कुणी ठरवलंय बघा. आमच्यात ते माझ्या सासऱ्यांच्या काळात एका जुन्या हुशार ऑपरेटरच्या स्पीडवर ठरलं होतं, गार्ड नसताना. मी गार्ड लावून पुन्हा मोजलं आणि नवीन आकडा फळ्यावर लिहिला.

सेफ्टीवाला_चाकण

मोठ्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. वरच्या तिघांशी सहमत, वाळूजकर दादांचं तर प्रत्येक वाक्य आमच्या ट्रेनिंगमध्ये वाचून दाखवावं असं आहे.

कायद्याचं थोडक्यात, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम २१ पासून धोकादायक भागाला आवरण घालायची जबाबदारी मालकाचीच आहे, नवीन कोड आले तरी ती बदललेली नाही. २२ माणसांच्या शॉपला सेफ्टी ऑफिसर ठेवायची सक्ती नाही, त्यामुळे तुमच्यासारख्या सुपरवायझरवरच सगळं येतं. मानेसरकडची सेफ इन इंडिया नावाची संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या कामगारांच्या अपघातांवर अहवाल काढते, त्यात बोटं जाण्यात पॉवर प्रेस सगळ्यात पुढे दिसते आणि बहुतेक घटना तुमच्यासारख्याच छोट्या सप्लायरकडच्या. मालकांना वाचायला द्या, एकट्या आपल्याकडेच घडलं असं वाटायला नको.

दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत त्या लिहितो. न्यूमॅटिकच्या बटणांना असा रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवा की दोन्ही बटणं जवळजवळ एकाच वेळी दाबली आणि दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली तरच पुढचा स्ट्रोक मिळेल. मग चिकटपट्टी लावून प्रेस चालणारच नाही. दुसरं सेटरचं. डाय बसवताना मोटर बंद केली तरी फ्लायव्हील कितीतरी वेळ फिरत असतं, आणि पेडलला कुणाचा पाय लागला तर तेवढ्यावर स्ट्रोक येतो. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, मेन स्विचला सेटरने स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात, आणि रॅमखाली (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाखाली) सेफ्टी ब्लॉक, म्हणजे तो खाली येऊ नये म्हणून टेकू. पेडलवर वरून आणि बाजूने पत्र्याचं झाकण आजच लावा, त्याला कोटेशन लागत नाही.

भोसरी_सुपरवायझर

सगळ्यांचे मनापासून आभार, वाळूजकर दादा तुमचे विशेष. आज पाचही पेडलना झाकणं लागली. रिपोर्टची कॉपी काढून बघितली, त्यात खरंच लक्ष नव्हतं असंच लिहिलंय आणि खाली सही माझी आहे. उद्या मालकांशी बोलून ते बदलून घ्यायला अर्ज देतो. त्या ५० टनाच्या डायला ताईंनी सांगितली तशी सरकती प्लेट करायचीये. टूलरूम काका, डायच्या पुढे जागा फक्त ११० मिमी आहे आणि जॉब १४० लांब, प्लेट बाजूने ओढली तर चालेल का?

टूलरूम_सातपूर

चालेल, पण डाव्या बाजूने ओढा, उजवीकडे स्क्रॅप येत असणार. गाइड दोन्ही बाजूंना द्या नाहीतर प्लेट अडकते आणि अडकली की पोरगं हातानेच ढकलायला जातं. लिमिट स्विच प्लेट पूर्ण बसल्यावर दबेल असा आणि बोटाने दाबता येणार नाही असा आत लपवून लावा. समोरची बाजू तशीही मोकळी राहिली, तिथे पॉलीकार्बोनेट मारून बंद करा. डायचा फोटो टाका, रात्री ड्रॉइंग काढून देतो.