सिल्व्हर घोस्ट की हिस्पानो? रस्त्यावर सरस कोण?

गिअरवेडा: जुन्या आलिशान गाड्यांचा विषय निघाला की रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट पहिली, बाकीच्या तिच्यामागून, हे जणू ठरलेलंच असतं. मला पटत नाही. हिस्पानो-सुइझाची एच६ १९१९ च्या पॅरिस प्रदर्शनात आली तीच चारही चाकांना ब्रेक घेऊन, वर सर्वोची, म्हणजे ब्रेक दाबायला जोर पुरवणाऱ्या यंत्रणेची, मदत. घोस्टला त्यानंतरही काही वर्षं ब्रेक मागच्याच चाकांना. एवढं धूड घाटउतारावर दोन चाकांच्या भरवशावर! पळण्याचं कौतुक ठीक, पण थांबणं कामगिरीत धरायचं की नाही?

वंगणकाका: धरा की. पण आजोबा-नातवाची शर्यत कशाला लावता? घोस्टने १९०७ सालीच १४,३७१ मैल कापले, टायरचे थांबे सोडले तर न अडता. १९११ मध्ये नेपियर या प्रतिस्पर्धी कंपनीने लंडन ते एडिंबरा नुसत्या टॉप गिअरमध्ये गाडी नेऊन दाखवली, गॅलनला १९.३५ मैल. रोल्सने तेच करून २४.३२ काढले, आणि तीच गाडी ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी ७८.२६ मैल पळवली. हिस्पानोला असं काही जमलं असतं?

आडवा_रस्ता: काका, पुढच्याच वर्षीची आल्प्समधली गाड्यांची चाचणी स्पर्धा विसरलात. कात्शबर्गच्या चढावर घोस्ट माणसं उतरवल्याशिवाय हलेना. गिअर तीनच, पहिलाही वेगाच्या सोयीचा, चढाला जोर देणारा नाही. १९१३ ला चार गिअर बसवून आले तेव्हा कुठे अब्रू राहिली. टॉप गिअरचं वेड सपाटीवर शोभतं.

वंगणकाका: चूक झाली, वर्षभरात सुधारली. तुमच्या हिस्पानोला १९१९ मध्येही गिअर तीनच होते, ते बोला!

गिअरवेडा: कारण ६.६ लिटरचं ओव्हरहेड कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा सिलिंडरच्या वर असलेलं) इंजिन, विमानाच्या इंजिनाच्या घराण्यातलं. खालच्या वेगातूनही ओढतं, गिअर बदलायची वेळच कमी येते. घोस्ट ७.४ लिटरची असून साइड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, जुनी पद्धत. आणि सर्वोचं बघा: गिअरबॉक्सवरून फिरणारा एक ड्रम. पेडल दाबलं की त्यावर पकड बसते आणि गाडीची गतीच ब्रेक ओढते. पाय नुसता इशारा करतो. याच सर्वोचा परवाना रोल्सने घेतला. आणखी काय पुरावा हवा?

आडवा_रस्ता: गाडी अगदी गोगलगायीच्या चालीने सरकत असेल तर तो सर्वो झोपतो, हेही सांगा. पार्किंग करताना पायातच जोर लागतो. बाकी मत हिस्पानोलाच.

वंगणकाका: परवाना घेतला, मान्य. पण घोस्टचं गरम इंजिन हँडल न मारता, स्टिअरिंगवरची स्पार्कची (ठिणगीची वेळ बदलणारी) दांडी सरकवली की आपोआप सुरू व्हायचं. सिलिंडरमध्ये उरलेल्या वायूवर! ते ऐकलंय कधी?

गिअरवेडा: हिस्पानोला विजेचा स्टार्टर होता, काका.

वंगणकाका: १९१९ पासून घोस्टलाही होता, बाळा.