जमशेटजींचं दान सांगता, मग अफू का वगळता?

दर्यावर्दी:
माहीमचा कॉजवे, जे. जे. रुग्णालय, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, पुण्यात बंड गार्डनचा बंधारा. सर जमशेटजी जीजीभाईंचा (१७८३-१८५९) विषय निघाला की ही यादी सगळे घडाघडा म्हणतात. पैसा कुठून आला हे मात्र 'चीनशी व्यापार' एवढ्यावर उरकतात. त्यात कापूस होता, पण अफूही होती, आणि भरपूर होती. माळव्याची अफू मुंबई बंदरात यायची, जहाजांनी चीनकडे जायची आणि तिकडे जार्डिन मॅथिसन ही ब्रिटिश व्यापारी कंपनी ती खपवायची. चीनमध्ये अफूला बंदी होती, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने अफूच्या वीस हजारांहून जास्त पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या. त्यावरून इंग्रज आणि चीन यांच्यात लढाई पेटली आणि १८४२ च्या तहात हाँगकाँग इंग्रजांच्या हाती गेलं. त्याच वर्षी जमशेटजी 'सर' झाले. हे मुलांना शिकवायला नको का?

माहीमकर:
आजचे नियम तेव्हाच्या माणसाला लावणं मला पटत नाही. अफूचा सगळ्यात मोठा व्यापारी खुद्द ईस्ट इंडिया कंपनी होती. आणि माहीमची खाडी आठवा. तेव्हा वांद्र्याला जायचं तर होडी. पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडायची, तरी सरकार पैसे सोडेना. शेवटी जमशेटजींच्या पत्नी आवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली, की जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये खाडीवरचा हा रस्ता, म्हणजे माहीमचा कॉजवे, खुला झाला. ज्यांचे जीव वाचले त्यांना पैसा कुठला हे विचारून बघा.

दर्यावर्दी:
बुडणारे वाचले, याचा मलाही आनंद आहे. पण चीनमध्ये ज्यांची घरं अफूने बसली, त्यांना कोण विचारणार? आणि 'तेव्हाचे नियम' म्हणाल तर चीनचा कायदा तेव्हाचाच होता.

सागरकन्या:
तुम्ही दोघंही त्यांना दानाच्या टोकाकडूनच बघताय. आई-वडील लवकर गेलेला मुलगा, मामांच्या रिकाम्या बाटल्यांच्या दुकानात काम शिकला आणि ऐन पोरवयात चीनच्या जहाजावर चढला. १८०५ मध्ये त्यांचं 'ब्रन्सविक' जहाज फ्रेंचांनी पकडलं. त्यावर विल्यम जार्डिन नावाचा एक डॉक्टर होता. पुढे हाच जार्डिन चीनमधला बडा अफू व्यापारी झाला आणि दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. त्या ओळखीशिवाय ना पेढी वाढली असती, ना रुग्णालय उभं राहिलं असतं. दान आणि अफू वेगळी काढताच येत नाहीत, म्हणून दोन्ही सांगायला हवीत.

माहीमकर:
सांगा, माझी ना नाही. पण मग सगळंच सांगा. त्यांच्या भागीदारांत मोतीचंद अमीचंद हे जैन होते, महंमद अली रोगे कोकणी मुसलमान, रोजेरियो द फारिया गोव्याचे. माळव्यात जिच्यापासून अफू निघते त्या खसखशीची शेतं शिंदे-होळकरांच्या मुलखात होती, तिथला महसूल त्यांच्या खजिन्यात जात होता. मराठी पुस्तकात हे पान घालायची तयारी आहे का? ती नसेल तर एकट्या पारशी माणसाच्या पुतळ्याखाली अफूची पाटी लावायला माझा ठाम विरोध आहे.

दर्यावर्दी:
तयारी आहे. शिंदे-होळकरांपासूनच सुरुवात करा.